फोर्टिन बॅरोमीटर कसा वाचायचा, आणि आपल्याकडं ७६० का येत नाही

दरवर्षी प्रॅक्टिकलला हे होतंच. लेकरू बॅरोमीटरपुढं, म्हणजे हवेचा दाब मोजायच्या यंत्रापुढं उभं राहतं, डोळा लावून नीट बघतं, वहीत ७१२ लिहितं, मग शेजारच्याच्या वहीत डोकावतं, पुस्तक उघडून बघतं, आणि हळूच ७१२ खोडून ७६० करतं. पुस्तकात वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पारा असं छापलेलं आहे ना, मग आपलंच चुकलं असणार असं त्याला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ते ७१२ बरोबर होतं, ते खोडायचं नव्हतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर वर आहे, तिथं सरासरी दाब ७१० च्या आसपासच असणार, आणि तिथं ज्या दिवशी ७६० दिसेल त्या दिवशी यंत्र बिघडलंय असं खुशाल समजा. नांदेड खाली आहे, ३६० मीटरच्या आसपास, म्हणून तिथं ७२८ च्या जवळ. लातूर, धाराशिव सहाशेच्या वर, तिथं ७०३ ते ७०५. ऋतूप्रमाणं आणि वेळेप्रमाणं हे चार-पाच मिलिमीटर मागंपुढं होतं, पण मराठवाड्यात ७६० कुठंच नाही. ७६० हा आकडा समुद्रसपाटीचा, शून्य अंश तापमानाचा आणि ठरवून घेतलेल्या गुरुत्वाचा आहे, आपल्या लॅबचा नाही.

आधी हा पारा नळीत उभा का राहतो ते सांगतो, कारण ते आपल्याकडं सगळ्यांनी घरीच पाहिलेलं असतं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार खालच्या टप्प्यावर उतरवावी लागते. मोटार जागेवर ठेवून नुसता सक्शन पाइप लांब केला तर ती हवा धरते, पाणी येत नाही, मोटार कितीही मोठ्या हॉर्सपॉवरची घ्या. याचं कारण असं की पंप पाणी ओढतच नाही, तो फक्त पाइपातली हवा काढून टाकतो, पाणी वर ढकलायचं काम विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा करते. आणि त्या हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाण्याचा १०.३ मीटर उंच खांब पेलते, संभाजीनगरला साधारण ९.६ मीटर, म्हणजे ३१-३२ फूट, आणि फुट व्हॉल्व्हची गळती, पाइपातलं घर्षण वगैरे धरलं तर प्रत्यक्षात वीस-बावीस फुटांच्या पुढं सक्शन चालत नाही. सबमर्सिबल पाण्याच्या खाली बसून वर ढकलते म्हणून तिला ही अट नाही, बोअरमधून ती शेकडो फुटांवरून पाणी आणते.

हीच अडचण सतराव्या शतकात इटलीतल्या पंपवाल्यांना आली होती, दहा मीटरच्या वर पाणी चढेना. गॅलिलिओनं त्यावर लिहिलं, आणि त्याचा शिष्य तोरिचेल्ली यानं १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १०.३ मीटरचा खांब ७६ सेंटिमीटरवर आला आणि टेबलावर मावला. विहिरीतली मोटार आणि लॅबमधली नळी या एकाच गोष्टी आहेत हे लेकरांना एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे, म्हणून मी प्रॅक्टिकलची सुरुवात विहिरीपासूनच करतो.

आता यंत्राकडं. बहुतेक कॉलेजांत भिंतीवर लाकडी फळीला लटकवलेला, पितळी नळकांड्यातला जो असतो तो फोर्टिन. पॅरिसच्या झाँ निकोला फोर्टिन या कारागिराच्या नावाचा. याची खुबी खालच्या टाकीत आहे. दाब वाढला की पारा नळीत चढतो, पण तो येतो खालच्या टाकीतूनच, म्हणजे टाकीतली पातळी उतरते, मग मोजायचं कुठून? फोर्टिनमध्ये टाकीचा तळ चामड्याचा असतो आणि त्याखाली एक स्क्रू असतो, स्क्रू फिरवला की चामडं वर दाबलं जातं आणि टाकीतला पारा वर येतो. आत वरून एक हस्तिदंती टोक आलेलं असतं, पट्टीचा शून्य म्हणजे त्या टोकाची अणी. प्रत्येक रिडिंगच्या आधी पारा त्या टोकाला आणून टेकवायचा, की झाला शून्य पक्का. वेधशाळांमध्ये क्यू पद्धतीचा वापरायचे, त्यात हे टोक नसतं, टाकीची पातळी हलते ते धरून पट्टीच थोडी आखडती आखलेली असते, त्यामुळं तिथं ही एक पायरी वाचते.

जागा बघा आधी. खिडकीतून ऊन येतं तिथं नको, ज्या भिंतीच्या मागं पश्चिमेचं ऊन तापतं तिथं नको, दाराजवळ नको. आपल्याकडं एप्रिलमध्ये पत्र्याच्या लॅबमध्ये दुपारी वरची हवा आणि खालची हवा यांच्या तापमानात केवढा फरक असतो, नळीचं डोकं एका तापमानाला आणि टाकी दुसऱ्या, मग थर्मामीटर नेमकं कुणाचं तापमान सांगणार. यंत्र ओळंब्यात पाहिजे. ते वर कडीला मोकळं लटकतं, खाली कड्याला तीन स्क्रू असतात, ते तिन्ही सैल करा, यंत्र आपोआप सरळ होऊन थांबू द्या आणि मग तिन्ही नुसते टेकवा, आवळू नका. तिरकी नळी नेहमी जास्त दाखवते, कारण पाऱ्याला उभी उंची तेवढीच लागते पण तिरक्या पट्टीवर ती लांब मोजली जाते.

रिडिंग घेताना पंखा बंद करा. आणि सगळ्यात आधी यंत्राला लावलेलं थर्मामीटर वाचा. हे शेवटी वाचायचं नाही, कारण आपण तोंड जवळ नेऊन दोन-तीन मिनिटं उभे राहिलो, हात लावला, की थर्मामीटर झटकन अर्धा-एक अंश चढतं, आतला एवढा मोठा पारा मात्र अजून तापलेला नसतो. म्हणून आलात की पहिलं तापमान, वहीत लिहून टाका.

मग खालचा स्क्रू. पारा टोकाच्या थोडा खाली असू द्या आणि हळूहळू वर आणा. पाऱ्यात टोकाचं प्रतिबिंब दिसतं, खरं टोक वरून आणि प्रतिबिंब खालून असे दोन्ही जवळ येत जातात, आणि ज्या क्षणी अणीला अणी लागते तिथं थांबायचं. पाऱ्यात टोकाभोवती बारीकसा खळगा पडलेला दिसला तर जास्त झालं, थोडं खाली घ्या आणि परत वर आणा. टाकीतला पारा काळपट झालेला असेल तर प्रतिबिंब दिसत नाही, अशा वेळी अंदाजानं टेकवू नका आणि टाकी स्वतः उघडूही नका, ते यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाचं काम आहे.

आता वर या. नळीला पाऱ्याच्या डोक्याजवळ बोटानं दोन-तीन हलक्या टिचक्या मारा. पारा काचेला थोडा चिकटून बसलेला असतो, टिचकी मारली की सुटतो आणि त्याची पाठ छान गोल फुगीर होते. ही टिचकी न मारल्यानं दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक मी कितीदा पाहिलाय. मग व्हर्नियर, म्हणजे मुख्य पट्टीवर वर-खाली सरकणारी छोटी पट्टी, पाऱ्याच्या वर न्या, मागं पांढरा कागद धरा म्हणजे फटीतून उजेड दिसेल, आणि व्हर्नियर हळूहळू खाली आणा. व्हर्नियरच्या पुढच्या पट्टीची खालची कड आणि मागच्या पट्टीची खालची कड या दोन्ही एका रेषेत दिसल्या पाहिजेत, तेव्हाच तुमचा डोळा बरोबर उंचीला आहे. ती रेषा पाऱ्याच्या पाठीच्या सगळ्यात वरच्या बिंदूला नुसती टेकली पाहिजे, दोन्ही बाजूंना उजेडाचे बारके त्रिकोण दिसत राहिले पाहिजेत. बुटक्या लेकरांना स्टूल द्या आणि उंच लेकरांना वाकायला सांगा, डोळा वर-खाली झाला की रिडिंग गेलं.

मेन स्केल वाचा, व्हर्नियरची कोणती रेघ जुळते ते बघा. समजा मेन स्केल ७१२, लीस्ट काउंट (व्हर्नियरनं मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.१ मिलिमीटर आणि चौथी रेघ जुळली, तर ७१२.४. हे सगळं झालं की खालचा स्क्रू थोडा उतरवून पारा टोकापासून लांब करून ठेवा, नाहीतर टोक पाऱ्यात राहून खराब होतं. हे बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही.

आता हे ७१२.४ म्हणजे अजून दाब नव्हे. ही नुसती एका गरम, आपल्या गावच्या गुरुत्वात उभ्या असलेल्या पाऱ्याच्या खांबाची लांबी आहे. पारा तापला की फुगतो आणि हलका होतो, म्हणजे तेवढ्याच दाबाला उन्हाळ्यात उंच खांब लागतो. पितळी पट्टीही तापून लांबते आणि त्यामुळं थोडी भरपाई होते. दोन्हीचा हिशेब मिळून दर अंशाला ०.०००१६३ एवढा भाग वजा करायचा. थर्मामीटर ३१ अंश दाखवत होतं असं धरा, मग ७१२.४ गुणिले ०.०००१६३ गुणिले ३१, बरोबर ३.६ मिलिमीटर. राहिले ७०८.८. बघा, व्हर्नियरवर आपण एका दशांशासाठी एवढी डोळेफोड केली आणि तापमानाची दुरुस्ती न करता सोडलं असतं तर छत्तीस दशांश चुकलो असतो. थंडीत सकाळी १५ अंशाला हीच दुरुस्ती निम्मी होते, म्हणून एकच आकडा पाठ करून वर्षभर वापरायचा नाही.

दुसरी दुरुस्ती गुरुत्वाची. प्रमाण गुरुत्व ९.८०६६५ धरलेलं आहे, ते साधारण ४५ अंश अक्षांशाचं. आपण २० अंशाच्या आसपास, विषुववृत्ताकडं, आणि वर पठारावर, म्हणून आपल्याकडं g, म्हणजे गुरुत्व, साधारण ९.७८५. पारा इथं थोडा हलका पडतो, तेवढ्याच दाबाला जास्त उंच उभा राहतो. म्हणून दर हजारी २.२ वजा करा, ७०८.८ मधून १.६ गेले, ७०७.२ राहिले. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात असो वा परदेशी, बरेच जण ही पायरी सोडून देतात. तुम्ही सोडू नका. यंत्रासोबत कंपनीचं सर्टिफिकेट आलेलं असेल तर त्यात त्या यंत्राची स्वतःची चूक लिहिलेली असते, ती पण लावा. ते कागद कपाटात सापडत नाहीत ही वेगळी अडचण, म्हणून त्याची झेरॉक्स फळीच्या मागं चिकटवून ठेवा.

७०७.२ ला १.३३३२ नं गुणलं की ९४२.८ हेक्टोपास्कल, हे दाबाचं एकक. मिलिबार म्हटलं तरी तेच. हा झाला आपल्या लॅबमधला खरा दाब.

इथं पुढचा प्रश्न येतोच, सर मोबाईलवर तर १००५ दाखवतंय. दोन्ही बरोबर. हवामानाच्या ॲपमध्ये आणि नकाशावर दाब समुद्रसपाटीला उतरवून दिलेला असतो, नाहीतर परभणी आणि महाबळेश्वर यांची तुलनाच करता येणार नाही, डोंगरावर कायम कमी दाबाचा पट्टा दिसेल. उतरवायचं असं, की आपल्या खाली समुद्रापर्यंत हवेचा खांब आहे असं समजायचं आणि त्याचं वजन मिळवायचं. उंची भागिले (२९.३ गुणिले केल्विनमधलं तापमान), जो आकडा येईल तो e चा घातांक, आणि त्यानं दाबाला गुणायचं. बाहेरची हवा ३१ अंश असेल तर ३०४ केल्विन, खांबाच्या मधल्या भागाची थोडी गरम धरून ३०६ घ्या. ५६८ भागिले ८९६६ म्हणजे ०.०६३३, e चा तेवढा घात १.०६५, गुणिले ९४२.८ म्हणजे १००४ च्या जरा वर. ॲपच्या आकड्याच्या जवळ आलो की नाही. जूनच्या दुपारी आपल्याकडं असाच आकडा असतो, जानेवारीत तो दहाएक हेक्टोपास्कलनं वर जातो.

याच दाबामुळं लॅबमध्ये पाणी १०० अंशाला उकळत नाही, संभाजीनगरला ९८ च्या जरा वर उकळतं. थर्मामीटर तपासायच्या प्रॅक्टिकलला लेकरं इथंही १०० लिहून मोकळी होतात. बॅरोमीटरचं रिडिंग त्या प्रयोगाच्या शेजारीच लिहायला लावा, मग ९८ का ते त्यांचं त्यांनाच समजतं.

सकाळच्या बॅचला आणि दुपारच्या बॅचला दोन-अडीच मिलिमीटरचा फरक आला म्हणून कुणालाही रागावू नका. आपल्या अक्षांशाला दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या आसपास आणि रात्री दहाच्या आसपास वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. ऊन हवेला वरच्या थरांपासून तापवतं त्याची ही सगळ्या वातावरणाची लाट आहे, भरती-ओहोटीसारखी, आणि सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यात तीन-चार हेक्टोपास्कलची घट अगदी निरभ्र दिवशीसुद्धा होते. मला बॅरोमीटरमधलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. एका लेकराला सुट्टीच्या दिवशी दर तासाला रिडिंग घ्यायला बसवा आणि ग्राफ काढायला लावा.

पण यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते. जून-जुलैत पेरणी करून आपण आभाळाकडं बघत असतो, बातम्यांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा म्हणतात, तेव्हा घरोघर मोबाईलवर दाब बघणारे लोक असतात, आणि दुपारी दोन-तीन हेक्टोपास्कल उतरलं की पाऊस येणार म्हणून सांगतात. ते उतरणं रोजचंच असतं. तुलना करायची तर आज साडेआठची काल साडेआठशी करा. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांत सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच अशा ठरलेल्या वेळी निरीक्षणं घेतात आणि २४ तासांतला फरक काढतात. तो फरक सलग दोन-तीन दिवस खालीच जात असेल तर त्याला अर्थ आहे. तरी एका बॅरोमीटरवरून पाऊस ठरत नाही, पेरणीचा निर्णय घ्यायचा तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला बघा.

पाऱ्याबद्दल आता नीट ऐका, यात हयगय नको. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, पारा सांडला आणि शिपायानं झाडू घेऊन झाडला. झाडल्यानं एका थेंबाचे हजार थेंब होतात, फरशीच्या फटीत जातात आणि वर्षानुवर्षं तिथून वाफ निघत राहते. या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि २० अंशाच्या मानानं ४० अंशाला ती साधारण पाचपट होते, म्हणजे आपल्या मे महिन्यातली बंद लॅब ही सगळ्यात वाईट जागा. सांडलाच तर लेकरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा-कूलर बंद करा, हातातली सोन्याची अंगठी, बांगड्या काढून ठेवा कारण पारा सोन्याला धरतो. हातमोजे घालून दोन जाड कार्डांनी थेंब एकत्र आणा, ड्रॉपरनं उचला, झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत थोडं पाणी घालून त्यात ठेवा. बारीक मणी चिकटपट्टीनं उचला, टॉर्च फरशीला लागून आडवा धरला की ते चमकतात. फटीत गंधकाची पूड टाका. झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर नाही, बेसिनमध्ये नाही, कचराकुंडीत नाही, बाटली घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडंच द्यायची. आणि नळी, पारा विकत आणून घरी तोरिचेल्लीचा प्रयोग करायचा कुणी विचार करत असेल तर करू नका. पारा कमी करायच्या मिनामाता करारावर २०१३ मध्ये जगानं सह्या केल्या, भारतानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, आता नवीन पाऱ्याचे बॅरोमीटर घ्यायचेच नाहीत. आहे त्याला जपा. जागा बदलायची असेल तर आधी खालचा स्क्रू हळूहळू वर फिरवून नळी पाऱ्यानं भरू द्या, जोर लावू नका, मग यंत्र सावकाश उलटं करून टाकी वर ठेवूनच न्या. सरळ धरून चालत गेलात तर पारा वर आपटून काच फोडतो.

ज्यांच्याकडं यंत्रच नाही त्यांनी फोनमधला सेन्सर वापरा, बऱ्याच फोनमध्ये तो असतो, नसेल तर बीएमपी२८० नावाचं नखाएवढं मॉड्यूल अर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डाला जोडता येतं. आकडा एखाद्या हेक्टोपास्कलनं चुकेल, पण बारीक फरक हे सेन्सर फार छान पकडतात. आणि हा बारीक फरक बघायला आपल्याकडं देवगिरीचा किल्ला आहे. १९ सप्टेंबर १६४८ ला फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए फ्रान्समधल्या प्यूय द डोम डोंगरावर नळी घेऊन चढला, आणि वर पारा साधारण ८५ मिलिमीटर खाली आला. देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून दोनशे मीटरच्या आसपास, आपल्या हवेत दर सव्वानऊ-साडेनऊ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे वर वीसएक हेक्टोपास्कलचा फरक दिसला पाहिजे. ॲपमध्ये समुद्रसपाटीचा नाही तर सेन्सरचा मूळ आकडा बघा. खाली दारापाशी पाच मिनिटं फोन सावलीत ठेवून रिडिंग आणि वेळ लिहा, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून वर जाऊन बारादरीपाशी तसंच लिहा. पेरिएनं दुसरी नळी खाली मठातल्या एका धर्मगुरूपाशी ठेवली होती, त्यानं ती दिवसभर बघायची, खालचा पारा आपोआप हलला की नाही ते कळावं म्हणून. तुमच्या ग्रुपमध्ये दोन फोन असतील तर एक जण खालीच थांबा. एकच असेल तर उतरल्यावर त्याच दारापाशी परत एक रिडिंग घ्या, कारण दहाला चढायला सुरुवात करून एकला उतरलात तर तेवढ्यात खालचा दाब दीड-दोननं उतरलेला असणार, खालच्या दोन रिडिंगची सरासरी काढा आणि मग त्यातून वरचं वजा करा.